पाडलेल्या पुलाचा पत्ता

द्रुतगती मार्गाने लोणावळ्याला येणाऱ्या कुणाकडेही अमृतांजन पुलाचा फोटो असेल, तर तो बहुधा एकाच जागेवरून काढलेला: गाडीच्या काचेतून, खालून, दगडी कमान अंगावर येताना. पूल १८३० चा, बोरघाटात गाडीरस्ता झाला त्या काळातला. नाव मात्र बामच्या जाहिरातीनं दिलेलं. त्याच्या खांबांपाशी वाहनं तुंबायची. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ता ओस असताना, सुरुंग लावून तो पाडला.

पूल गेला, पण त्या फोटोंत एक भलतीच गोष्ट टिकून आहे: काढणारा नेमका कुठे उभा होता, ती जागा. जवळची डोंगरसोंड मागच्या सुळक्याला कुठे छेदते ते फोटोत पाहायचं आणि घाटात तसंच दिसेपर्यंत सरकत राहायचं. अशी एक जुळणी झाली की आपण एका रेषेवर येतो. दुसऱ्या दिशेची जुळणी मिळाली की दोन रेषा छेदतात, तीच ती जागा. डोंगर साक्षीला आहेतच.

हे जमतं, कारण दृश्याची मांडणी लेन्स ठरवत नाही, पाय ठरवतात. समजा, पुलापासून ५० मीटरवर उभे आहात आणि पुलामागे एक किलोमीटरवर डोंगर आहे. मागे सरकत ५०० मीटरवर गेलात तर पूल दहापट लहान दिसेल. डोंगराचं अंतर मात्र १०५० चं १५०० मीटर एवढंच झालं. तो तीस टक्क्यांनीच आक्रसेल. पुलाच्या मानानं डोंगर सातपट वाढला! झूमनं हे कधीच होत नाही. झूम चित्राचा एक तुकडा मोठा करतो, बस.

याच तत्त्वावर फोटोग्रॅमेट्री चालते. वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या फोटोंत तोच दगड किती सरकला, त्यावरून संगणक त्याचं अंतर काढतो. सीरियात पाल्मिराची कमान २०१५ मध्ये उडवून दिली. फोटोंच्या आधारे कोरलेली तिची लहान प्रतिकृती २०१६ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उभी राहिली. आपल्या पुलाचं असं करायचं म्हटलं तर हजारो फोटो सापडतील, पण बहुतेक सगळे खालच्या रस्त्यावरचे. कठड्याची आतली बाजू, वरची फरसबंदी कुणी टिपली असेल तर तो एक फोटो त्या हजारांना भारी.

मावळात इंद्रायणी-पवनेवर रोजच्या जाण्यायेण्याचे पूल अजून पुष्कळ आहेत. ते आहेत तोवरच त्यांचे असे फोटो काढून ठेवा: दोन पावलं सरका, क्लिक करा, पुन्हा सरका. शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सामाईक हवा. कठड्यावरून, काठावरून, कमानीखालून. आणि पावसाळ्यात नको. लोणावळ्याचं धुकं कितीही देखणं असलं तरी संगणकाला त्यात एकही दगड ओळखू येत नाही. पाऊस सरल्यावरची ढगाळ सकाळ उत्तम, तेव्हा सावल्याही आड येत नाहीत.