कठीण हाड म्हणजे बळकट हाड का?

(गणेशपुरी येथील व्याख्यानातून)

इथून जवळच वज्रेश्वरी आहे. वज्र म्हटलं की दधीची ऋषी आठवतात. त्यांच्या अस्थींपासून इंद्राचं वज्र घडवलं, अशी कथा. त्यामुळे आपण धरून चालतो की हाड म्हणजे कठीण आणि जेवढं कठीण तेवढं बळकट. हे जरा तपासून पाहू.

सुश्रुतसंहितेत अस्थींचे पाच प्रकार आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे कूर्चा. आणि बघा, प्रत्येकाची मोडण्याची तऱ्हा वेगळी सांगितली आहे. कूर्चा वाकते, नळीची हाडं मोडतात, कवटीची तडकतात, दात फुटतात. म्हणजे सगळ्यांत कठीण ते फुटतं आणि सगळ्यांत मऊ ते नुसतं वाकतं!

याचं कारण आज आपल्याला माहीत आहे. हाडात दोन मुख्य घटक असतात. कोलॅजेन चिवटपणा देतं, कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार कठीणपणा देतात. क्षार वाढले की हाड कठीण होतं, पण ठिसूळही होतं. हरणाच्या शिंगात क्षार कमी असतात, म्हणून झुंजीत ते टिकतं. देवमाशाच्या कानाच्या हाडात ते खूप जास्त असतात. त्याला मार सोसायचा नसतो, आवाज पोचवायचा असतो.

माणसाच्या शरीरातही तेच. मांडीच्या हाडाची भिंत घट्ट असते, तर मणक्याच्या आत बारीक जाळी असते. सर्वांत घन हाड कवटीच्या तळाशी, आतल्या कानाभोवती आहे. त्याला 'पेट्रस' म्हणतात, म्हणजे दगडासारखं. ते लहानपणीच तयार होतं आणि पुढे फारसं बदलत नाही.

हरियाणातल्या राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी उत्खनन केलं. तिथल्या ६०हून अधिक नमुन्यांची तपासणी झाली, पण अभ्यासण्याइतका डीएनए फक्त एका स्त्रीच्या अवशेषांत मिळाला. तो याच हाडातून. २०१९ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. साडेचार हजार वर्षांच्या उष्णतेतून निरोप पोचवला तो कानाजवळच्या हाडानं!

आता आपल्या वयाकडे येऊ. जाळीदार हाड सतत झिजतं आणि भरतं, म्हणून उतारवयातली झीज तिथं आधी दिसते. मणका पडल्याशिवायही दबू शकतो. उंची कमी होते, पाठीला पोक येतं. मनगट आणि खुबा पडल्यावर मोडतात. हाडांची घनता मोजताना डॉक्टर कंबरेचे मणके आणि खुबा पाहतात, ते याचसाठी. गरम कुंडात बसून सांधे मोकळे वाटतात, जरूर बसा. पण त्यानं मणक्यातली जाळी भरून येत नाही. उंची कमी झालेली जाणवली, तर 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.