पवईच्या तलावातील मासे आणि पाण्याची पातळी

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वर्तमानपत्रांतून तलावांच्या पाण्याची पातळी दररोज प्रसिद्ध होऊ लागते. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा ही सात नावे नगरवासीयांना तोंडपाठ झालेली आहेत. या यादीत पवईचे नाव नसते. पवईचे पाणी पिण्याच्या उपयोगाचे नाही, आणि म्हणून त्या तलावात पाणी किती आहे याची चौकशी घरोघर होत नाही. तरीही मुंबई उपनगरांतील पाण्याच्या पातळीचा सर्वांत गुंतागुंतीचा वाद जर कोठे असेल, तर तो याच तलावाच्या काठी आहे. या वादात एक पक्ष असा आहे की ज्याला बोलता येत नाही. तो पक्ष म्हणजे तलावातील मासे.

अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान, टेकड्यांच्या कुशीत हा तलाव वसलेला आहे. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी १८७९ साली पुरा झाला. त्यानंतर वाढत्या शहराची तहान भागवण्यासाठी पवईच्या ओढ्यावर बांध घालण्यात आला व १८९० साली, सुमारे साडेबारा लाख रुपये खर्चून, हे काम पूर्ण झाले. पाणी पिण्यास योग्य नाही असे पुढे दिसून आल्यामुळे मूळ हेतू सफल झाला नाही. उद्योगधंदे आणि आरे दुग्ध वसाहत यांच्या पिण्याव्यतिरिक्त इतर गरजांसाठी या पाण्याचा उपयोग होऊ लागला. तलाव भरला म्हणजे सांडव्यावरून जादा पाणी मिठी नदीत उतरते, आणि मरोळ, कुर्ला या भागांतून फिरून माहीमच्या खाडीला मिळते.

पिण्याचे पाणी नसल्याचा एक लाभ मात्र झाला. विहार व तुळशी ही पिण्याच्या पाण्याची राखीव स्थाने असल्याने तेथे मासेमारीस मज्जाव आहे, परंतु पवईत गळ टाकता येतो. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींची संस्था याच तलावाच्या काठी आहे. रोहू, कटला व मृगळ या मोठ्या जातींच्या माशांसाठी ही मंडळी तासन्‌तास दांडी धरून बसतात. ज्याला हा छंद नाही त्याला तो आळसाचा प्रकार वाटतो. पण पाण्यातील फरक प्रथम ओळखणारा मनुष्य बहुधा असा काठावर बसलेलाच असतो. पाणी किती बोटे उतरले, शेवाळ केव्हा वाढले, पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे का उघडू लागले, हे त्याला कोणत्याही कचेरीच्या आधी कळते.

गळाच्या मासेमारीचा विषय निघाला म्हणजे परदेशांतील ट्राउट माशाचे उदाहरण नेहमी दिले जाते. हा थंड पाण्याचा मासा. १९००च्या सुमारास तो काश्मिरात आणण्यात आला व त्यानंतर लवकरच निलगिरीच्या ओढ्यांतही रुजला. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या वर तापले की तो कासावीस होतो, तेव्हा आपल्या कोकणपट्टीत त्याची आशा करणे व्यर्थ होय. परंतु त्याच्यापासून शिकण्याजोगी एक गोष्ट आहे. मोठ्या धरणाच्या तळातून सोडलेले पाणी थंड असते, त्यामुळे अमेरिकेत अशा धरणांच्या खाली ट्राउटची उत्तम पैदास होऊ लागली. आणि तेथेच पाण्याच्या पातळीचे तंटेही उद्भवले. कोलोराडो नदीवरील ग्लेन कॅनियन धरणात १९६३ साली पाणी साठू लागले. विजेची मागणी वाढली की पाणी जोराने सोडायचे आणि मागणी ओसरली की कमी करायचे, असा तेथे दिवसभर खेळ चाले. पाणी चढले असता काठाच्या खडीत घातलेली अंडी पाणी उतरल्यावर उघडी पडत. अखेर १९९६ साली तेथील शासनाने या रोजच्या चढउतारावर मर्यादा घातल्या. धरणात एकंदर किती पाणी आहे यापेक्षा ते किती वेगाने उतरते, हा तेथील वादाचा गाभा होता.

आपल्याकडे ट्राउटच्या तोडीचा मासा म्हणजे महाशीर. दख्खनमधील महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या परिसरातील मुळा-मुठेच्या पाण्यातील माशांवरून केले. पावसाळ्यात हा मासा वाहत्या पाण्याच्या विरुद्ध वर चढतो व खडीच्या तळावर अंडी घालतो. ही अंडी पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसतात, आणि त्यांतून बाहेर पडलेली पिले पहिले काही दिवस खडीच्या आडोशाने पडून राहतात. एवढ्या काळात पाणी हातभर उतरले तर त्या हंगामाची पैदास संपलीच म्हणावयाची. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या अंडी घालण्याच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९७०च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलाशयाकाठी महाशीराचे बीज कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले. हे जलाशय मूलतः विजेसाठी बांधलेले आहेत. त्यांचे पाणी १९१५ सालापासून घाटाखाली खोपोलीस उतरवून वीज निर्माण केली जाते. अवर्षणाच्या वर्षी हेच पाणी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात सोडावे अशी मागणी होत असते. शेती व वीज यांच्या या ओढाताणीत महाशीराच्या अंड्यांची बाजू कोण मांडणार? वळवणच्या केंद्राचे महत्त्व यातच आहे की तलावाची पातळी खाली-वर झाली तरी बीज हौदात सुरक्षित राहते.

पवईचा प्रश्न आकाराने लहान आहे, पण स्वरूपाने तोच आहे. महानगरपालिकेच्या नोंदीप्रमाणे या तलावाचे पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर आहे. तलाव पूर्ण भरला असता पाण्याचा विस्तार सुमारे २.२३ चौरस किलोमीटर असतो व त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावते. या दोन आकड्यांचा भागाकार केला तर सरासरी खोली अडीच मीटरहूनही कमी, म्हणजे जेमतेम आठ फूट भरते. गाळ साचल्याने प्रत्यक्षात ती आणखी कमी असणार. एवढ्या उथळ तलावात एक फूट पाणी उतरणे म्हणजे एकूण साठ्याचा आठवा हिस्सा जाणे होय. आणि जेथे काठाचा उतार शंभर फुटांस एक फूट इतका मंद असेल, तेथे एक फूट पाणी उतरताच शंभर फूट रुंदीचा पट्टा कोरडा पडतो.

हा काठाचा पट्टाच माशांचे पाळणाघर आहे. मरळ मासा पावसाळ्यात काठच्या वनस्पतींत जागा साफ करून अंडी घालतो व नरमादी त्यांची राखण करतात. तिलापिया उथळ तळात खळगे करतो. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यांचे बीज सोडावे लागते. परंतु सोडलेली बोटुकलीही प्रथम काठच्या उथळ, अन्नसमृद्ध पाण्यातच वाढतात. जुलै ते सप्टेंबर या काळात पातळी झपाट्याने उतरली तर त्यांना मोठ्या माशांच्या तोंडी, खोल पाण्यात जावे लागते. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंड महिन्यांत पाणी सावकाश उतरले तर फारसे बिघडत नाही, कारण पिले मोठी झालेली असतात आणि थंड पाण्यात प्राणवायूही अधिक विरघळलेला असतो. एप्रिल-मे मात्र पुन्हा कठीण. पाणी थोडे, तापलेले, वस्त्यांच्या सांडपाण्याने व जलपर्णीने जड झालेले. रात्री प्राणवायू घटतो आणि पहिल्या पावसाने काठचा सडका गाळ धुऊन आत आणला की मेलेले मासे तरंगू लागतात.

पातळी खाली ठेवावी असे म्हणणाऱ्यांची बाजूही हलकी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या काठच्या वस्त्यांवर जो प्रसंग गुदरला तो मुंबई विसरलेली नाही. पावसाळ्यात तलाव काही फूट रिकामा ठेवला तर पुराचे पाणी त्यात थोपवून धरता येणार नाही काय, असा प्रश्न कुर्ल्याच्या रहिवाशाने विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे. पवईच्या पाणलोटावर चार इंच पाऊस पडला व तो सर्वच्या सर्व वाहून तलावात आला, तर सुमारे ६७ कोटी लिटर पाणी होते. भरल्या तलावातील एक फूट पाणीही जवळजवळ तेवढेच. म्हणजे एक फूट रिकामी जागा चार इंच पावसाला पुरते. नेहमीच्या मुसळधार दिवशी हा आधार उपेक्षणीय नाही. पण २००५ सालासारखा पाऊस या पाणलोटावर पडला तर ६२४ कोटी लिटर पाणी होईल. तलाव अगदी तळापर्यंत कोरडा असला तरी ते त्यात मावणार नाही.

शिवाय निसर्ग ही रिकामी जागा एकदा आपण होऊन करून देतो. उन्हाळ्यात पाणी उतरते व जूनच्या पावसाला जागा मिळते. २०२४ साली पवई ८ जुलैस भरून वाहू लागला, तुळशी २० जुलैस व विहार २५ जुलैस. २०२५ साली तर पवई १८ जूनलाच ओसंडला. तेथून पुढे ही जागा पुन्हा निर्माण करावयाची म्हणजे प्रत्येक पावसानंतर तलाव उतरवणे, नेमक्या अंड्यापिलांच्या महिन्यांत. यासाठी माशांचा बळी द्यावा एवढा लाभ त्यात आहे असे आम्हांस वाटत नाही. मिठीचे पात्र मोकळे ठेवणे हाच पुरावरचा खरा इलाज होय, आणि तो तलावाच्या खाली आहे.

गाळ काढण्याविषयीही एक गैरसमज आढळतो. गाळ काढला की पुरासाठी जागा वाढली, असे सरसकट म्हटले जाते. तळ खोल केला व ती खोली पाण्याने भरलेलीच राहिली, तर पुराला नवी जागा मिळत नाही. माशांना मात्र मिळते. मे महिन्यात दडून राहण्यास दोन-तीन खोल डोह असणे हे त्यांच्या जिवाचे रक्षण आहे. गाळ काढावा तो या हेतूने, आणि काठाचा मंद उतार न मोडता.

उघड्या पडलेल्या काठाला आणखी एक भय असते. पाणी सरले की ती जमीन कोणाचीच नाही असे लोकांना वाटू लागते. तेथे प्रथम राडारोडा पडतो, मग भराव होतो, मग रस्ता. पवईच्या काठाने सायकल व पादचारी मार्ग करण्याचे महानगरपालिकेने योजले होते. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवले व टाकलेला भराव काढून टाकण्यास सांगितले. तलावाची हद्द उन्हाळ्यातील पाण्याच्या कडेवरून मोजावयाची नसते. भरल्या तलावाची रेषा हीच त्याची हद्द.

ज्या गावांत पाझर तलाव, गावतळे किंवा शेततळे आहे व त्यात मत्स्यबीज सोडले जाते, तेथील मंडळींनाही हा हिशेब उपयोगी पडेल. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात माशांना संप्रेरक टोचून वीण घडवून आणण्यात यश मिळवले, तेव्हापासून कटला-रोहूचे बीज मिळणे सुलभ झाले आहे. १९६१ साली स्थापन झालेली आणि अंधेरीजवळ वर्सोवा येथे असलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था या शास्त्राचे उच्च शिक्षण देते. पण उत्तम बीज आणूनही पातळीकडे दुर्लक्ष झाले तर श्रम वाया जातात. तळ्यात फूट व इंच रंगवलेला एक खांब रोवावा आणि दर आठवड्यास ठरलेल्या दिवशी पाण्याची उंची वहीत लिहावी. तळे पावसाने भरून स्थिर झाल्यावर बोटुकली सोडावीत. सांडव्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवून ती रोज साफ करावी, नाहीतर पालापाचोळ्याने ती तुंबते व पाणी बांधावरून जाऊ लागते. पिकासाठी पाणी घ्यावेच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पाणी पाच फुटांवर आले की मोठे मासे काढून विकण्यास आरंभ करावा. तळ दिसू लागेपर्यंत वाट पाहिल्यास सर्व मासे एकाच दिवशी बाजारात न्यावे लागतात व भाव पडतो. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडताना दिसले तर त्या दिवशी खाद्य व शेणखत टाकू नये आणि शक्य तर ताजे पाणी आत सोडावे.

मच्छीमार सहकारी संस्थेने तलाव ठेक्याने घेतला असेल, तर ठेक्याची रक्कम ठरवताना पाण्याचीही बोलणी करून घ्यावीत. मे अखेर तलावात कमीत कमी किती फूट पाणी राहील, आणि त्याखाली पाणी घ्यावयाचे झाल्यास किती दिवस आधी कळवले जाईल, हे गावकरी, पाटबंधारे खाते व संस्था यांनी बीज सोडण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. खांबावर त्या पातळीशी तांबडी खूण करावी, म्हणजे पुढे उन्हाळ्यात कोणी काय कबूल केले होते याविषयी तंटा राहत नाही.