विश्लेषण : घाटात जुनी गाडी का तापते? बिघाड नेमका कुठे, हे कसे ओळखायचे?

उन्हाळ्याच्या सुटीत खंबाटकी, कसारा किंवा बोरघाटाच्या चढणीवर बॉनेट उघडून, वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य. त्यांत जुन्या गाड्या अधिक दिसतात. बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये पाणी ओतून प्रवास पुढे सुरू होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. शंभर-दोनशे रुपयांची टोपी किंवा सैल क्लिप वेळीच न पाहिल्याने पुढे इंजिन खोलण्याची वेळ येते. विशेष म्हणजे, या बिघाडाची पहिली सूचना अनेकदा डॅशबोर्डमागच्या, वर्षानुवर्षे न वापरलेल्या हीटरकडून मिळते.

कूलिंग यंत्रणा चालते कशी?

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. तेवढीच सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि उरलेला मोठा वाटा कूलंटला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप कूलंटला इंजिनभोवती फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सियसला तो उघडू लागतो आणि गरम कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन परततो. गाडी वेगात असताना समोरचा वारा पुरेसा असतो. वाहतूककोंडीत पंखा लागतो.

यातला सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरची टोपी. ती केवळ झाकण नाही, तर दाब धरणारा व्हॉल्व्ह आहे. अनेक टोप्यांवर ०.९ असा आकडा असतो. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब राहिला, की साधे पाणीही १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते. टोपीचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की हे संरक्षण जाते. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. म्हणजे पायथ्याशी कशीबशी तग धरणारी गाडी वर पोहोचता पोहोचता उकळू लागते, ती अनेकदा केवळ या टोपीमुळे.

गाडी कधी तापते, यावरून काय कळते?

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, या प्रश्नाने करावी. सिग्नलला किंवा कोंडीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, तर संशय पंख्यावर. फ्यूज, रिले, तापमानाचा स्विच किंवा पंख्याची मोटर यांपैकी काहीतरी गेलेले असते. ज्या गाड्यांत एसी लावताच हाच पंखा फिरतो, तिथे तपासणी सोपी आहे. एसीवर पंखा फिरतो, पण इंजिन तापल्यावर आपोआप सुरू होत नाही, म्हणजे मोटर ठीक आहे आणि दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. एसीवरही फिरत नसेल, तर मेकॅनिक बॅटरीतून मोटरला थेट पुरवठा देऊन पाहतो. अम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर चालतो. तिथे सैल पट्टा हा पहिला संशयित.

याउलट कोंडीत ठीक, पण चढणीवर किंवा सलग वेगात काटा वर जात असेल, तर पंखा निर्दोष मानावा. तिथे रेडिएटर आतून क्षार साचून किंवा बाहेरून धूळ-किड्यांनी चोंदलेला असतो, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. या दोहोंमधल्या फटीत साचलेला कचरा समोरून दिसत नाही, म्हणून तिथे मुद्दाम पाहावे लागते.

सकाळी गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा वर पळतो, तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. आणि गाडी कधी तापतच नाही, काटा तळाशीच राहतो, हेही चांगले लक्षण नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकणे योग्य का नाही?

‘आपल्याकडे उकाडाच इतका, व्हॉल्व्ह कशाला हवा’ असे म्हणून अनेक गॅरेजांत जुन्या गाड्यांचा थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळते आणि ऑइलमधील ओलावा न उडाल्याने गाळ साचतो. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह उघडताना आडवाटही बंद करतो. तो नसेल तर कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून गरमच परततो आणि ज्या तक्रारीवर उपाय केला, तीच वाढते. जुनी गाडी विकत घेताना हीटर गरम होत नसेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे आधी विचारावे.

हीटर हा निदानाचा आरसा कसा?

हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. इंजिनातले गरम कूलंट त्यातून फिरते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणून हीटरच्या हवेवरून इंजिनातले अभिसरण कळते. इंजिन गरम झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर लावून, इंजिनाच्या कप्प्यातून आत जाणाऱ्या दोन होज पाइपांना जपून, हात भाजणार नाही असा स्पर्श करावा.

दोन्ही पाइप कोमट असतील, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे, कूलंट कमी आहे किंवा यंत्रणेत हवा अडकली आहे. एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर हीटरचा कोअर चोंदला आहे किंवा त्याचा वॉटर व्हॉल्व्ह उघडत नाही. महाराष्ट्रात हीटर फारसा लागत नसल्याने हा व्हॉल्व्ह आणि त्याची केबल वर्षानुवर्षे एकाच जागी राहून अडकतात. दोन्ही पाइप गरम, तरीही हवा थंड, असे असेल तर दोष डॅशबोर्डमधील झडपेचा. इंजिनाशी त्याचा संबंध नाही.

सर्वात धोक्याची खूण मात्र वेगळी आहे. गाडी चालू असताना हीटरची गरम हवा अचानक थंड झाली आणि इंजिन ओढत नसेल, तर कूलंट संपले आहे किंवा फिरायचे थांबले आहे. अशा वेळी काट्यावर विसंबू नये. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असावा लागतो. तो कोरडा पडला, तर काटा उलट खाली येऊ शकतो आणि चालकाला गाडी थंड झाल्यासारखे वाटते. त्याच क्षणी इंजिन जळत असते.

गळती शोधायची कुठे?

जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, असे नाही. गरम इंजिनावर पडलेले थेंब वाळून जातात आणि मागे पांढरे, हिरवे किंवा नारिंगी डाग उरतात. होजची टोके, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र हे पहिले पाहावे. पंपाचे सील गेल्याची सूचना देण्यासाठीच ते छिद्र ठेवलेले असते. ते बुजवणे हा उपाय नव्हे.

पुढच्या सीटखालचा गालिचा ओला झाला, तर ते पाणी बोटांवर घेऊन पाहावे. स्वच्छ, बिनवासाचे असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचे असेल तर हीटरचा कोअर गळतो आहे. काचेवर आतून धरणारा तेलकट धुरकटपणा हीसुद्धा त्याचीच खूण. अनेक ठिकाणी कोअर न बदलता दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर कायमचा बंद केला जातो. गळती थांबते, पण पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात काच पुसण्याचे एक साधन जाते. हे द्रव चाखून मात्र कधीच पाहू नये. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि सांडलेले कूलंट कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतते.

गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा पडत असेल, तर टोपीतील परत ओढणारा व्हॉल्व्ह बिघडला आहे.

हेड गॅस्केट गेल्याचे कसे ओळखावे?

मारुती ८०० सारख्या गाड्यांत सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते. हा धातू अति तापला की वाकतो आणि ब्लॉक व हेड यांमधील गॅस्केट फुटते. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसणे आणि कुठेही गळती न दिसता कूलंट कमी होणे ही त्याची लक्षणे. थंड सकाळी थोडा वेळ दिसणारी वाफ मात्र नैसर्गिक असते.

केवळ लक्षणांवरून हेड उतरवू नये. दोन चाचण्या आधी करून घ्याव्यात. पहिलीत हातपंपाने टोपीवरील आकड्याइतका दाब देऊन तो पंधरा मिनिटे टिकतो का, ते पाहतात. दुसरीत रेडिएटरच्या तोंडाशी निळे रसायन धरतात. पेट्रोल इंजिनातील जळके वायू त्यात मिसळले, तर ते पिवळे होते. हेड उतरवलेच, तर नवे गॅस्केट बसवण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग सपाट आहे का, हे तपासून घ्यायलाच हवे. नाहीतर काही महिन्यांत तोच खर्च पुन्हा येतो.

पाणी चालते, मग कूलंट कशाला?

अडचणीच्या वेळी पाणी चालते, कायमचे नाही. बोअरवेलच्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि हा थर उष्णता अडवतो. साध्या पाण्याने लोखंड गंजते, ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये हे टाळतात; पाण्याचा उत्कलनबिंदू वाढणे हा त्यापुढचा फायदा. मात्र ही द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील मुदतीनुसार कूलंट बदलावे. केवळ रंग जुळतो म्हणून दोन प्रकार मिसळू नयेत. तीव्र कूलंट घेतले असेल, तर त्यात क्षारमुक्त पाणीच घालावे.

घाटात काटा चढलाच तर?

आधी एसी बंद करावा. काचा उघडून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावावा. आत घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता आणखी एका वाटेने बाहेर पडते. काटा लाल पट्ट्याकडे गेला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. टोपीला किमान पाऊण तास हात लावू नये. दाबाखालचे पाणी टोपी सैल होताच उसळते आणि चेहरा, हात गंभीर भाजतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जाऊ शकतो. वरचा होज हाताला थंड लागल्यावर जाड फडके धरून टोपी हळूहळू फिरवावी, पाणी थोडे थोडे भरावे आणि किती लागले, याची नोंद ठेवावी. दोन लिटर पाणी लागले, याचा अर्थ ते कुठेतरी गेले आहे. ते कुठे गेले, हे कळेपर्यंत पुढचा घाट चढू नये.