रेम्ब्रांटच्या कागदावरचा शहाजहान

बरोकचं शतक : भाग सहावा

१६५६च्या जुलै महिन्यात ॲमस्टरडॅममधल्या योडनब्रेस्ट्राट या रस्त्यावरच्या एका मोठ्या घरात दिवाळखोरी खात्याचे कारकून खोल्याखोल्यांतून फिरत होते आणि दिसेल ती वस्तू लिहून घेत होते. घराचा मालक रेम्ब्रांट फान रेन याने त्याच महिन्यात पन्नाशी गाठली होती. १६३९ साली १३ हजार गिल्डरना घेतलेल्या या घराची रक्कम त्याला कधी पूर्ण फेडता आली नाही. कामं कमी झाली, संग्रहाचा नाद मात्र सुटला नाही. आपल्याकडे त्याच वर्षाच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली होती आणि दिल्लीच्या तख्तावर शहाजहान होता.

त्या यादीत ३६३ नोंदी आहेत आणि ती आजही वाचायला मिळते. रेम्ब्रांट समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही, असं मला वाटतं. इटालियन चित्रं, मान्तेन्याच्या चित्रांचं मोलाचं पुस्तक, शिरस्त्राणं, भाले, प्लास्टरचे पुतळे, शंख-शिंपले आणि मुद्राचित्रांनी भरलेल्या असंख्य वह्या त्यात आहेत. हा माणूस कधी इटलीला गेला नाही. तरुणपणी कॉन्स्टान्टाइन हाउगेन्स या दरबारी विद्वानाने त्याला तसं सुचवलं होतं, पण त्याला सवड नव्हती. जग त्याने घरात आणून ठेवलं. याच यादीतली एक वही चमत्कारिक लघुचित्रांची आहे, सोबत निरनिराळ्या देशांच्या पोशाखांची लाकडी ठशांची आणि ताम्रपटांची छापील चित्रं. ही लघुचित्रं मुघल असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कारण १६५६ ते १६६१ या काळात रेम्ब्रांटने मुघल चित्रांवरून काढलेली २३ रेखाटनं आज शिल्लक आहेत. एवढ्या चित्रांचा असा सलग संच त्याने दुसऱ्या कोणत्याही परंपरेवरून केलेला नाही.

गेल्या काही भागांत आपण बरोक चित्रकारांची जी वैशिष्ट्यं पाहिली ती जरा आठवू. कारावाज्जोने एका बाजूने आडवा उजेड टाकून बाकीची खोली अंधारात बुडवली. रुबेन्सने अंगांना पीळ दिला, कापडांना वारा दिला. घटना घडून गेल्यावर किंवा घडण्याआधी नव्हे, तर ऐन घडतानाच्या क्षणी धरायची, हा या सगळ्यांचा ध्यास. रेम्ब्रांटने तो क्षण माणसाच्या आत नेला. त्याच्या चित्रात चेहऱ्याचा अर्धा भाग सावलीत असतो आणि बघणाऱ्याला त्या सावलीतच जास्त वेळ रेंगाळावंसं वाटतं.

मुघल लघुचित्रात यातलं काहीच नाही. तिथे उजेड सगळीकडे सारखा पडतो. बादशहाचा चेहरा एका बाजूने दिसतो, त्यामुळे नजर आपल्याकडे येत नाही. खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली कडा इतकी नेमकी असते की दाढीचा केस न केस मोजता यावा. जाम्याच्या चुण्या, पटक्याची किनार, कट्यारीची मूठ, गळ्यातले मोती या सगळ्यांना चेहऱ्याइतकाच मान. घाई नाही, नाट्य नाही, सावली तर जवळजवळ नाहीच. ज्याने आयुष्यभर सावलीतून माणूस घडवला तो चित्रकार अशा चित्रांसमोर पाच वर्षं पुन्हा पुन्हा बसतो, ही गोष्ट मला बरोकच्या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

ही चित्रं तिथे पोचली कशी? १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची सुरतेला वखार होती. तिथून नीळ आणि सुती कापड जायचं. कोकणकिनाऱ्यावर वेंगुर्ल्यालाही कंपनीने १६३७ साली बस्तान बसवलं, ते मुख्यतः पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद मिळावी म्हणून. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे अवशेष पाहिलेले वाचक असतीलच. या व्यापाराबरोबर चित्रंही ॲमस्टरडॅमच्या बाजारात उतरत होती. रेम्ब्रांटने ज्या कागदावर ही रेखाटनं केली तो कागदही याच कंपनीच्या जहाजांतून आला. तो बहुतांशी जपानी, नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या डच वखारीतून आलेला. किंचित पिवळसर, गुळगुळीत, शाई फार आत न शोषणारा. साध्या युरोपीय कागदापेक्षा तो महाग होता, आणि रेम्ब्रांट या काळात कर्जात बुडालेला होता, हे लक्षात ठेवायला हवं.

आता प्रत्यक्ष रेखाटनं पाहू. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात शहाजहान आणि त्याचा मुलगा दारा शुकोह आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एका अधिकाऱ्याला सामोरा जाणारा जहांगीर आहे. पॅरिसच्या लूव्रमध्ये तख्तावर बसलेला तैमूर आहे. यांतलं कोणतंही चित्र जवळून पाहिलं की पहिल्यांदा लक्षात येतो तो लेखणीचा बदललेला वेग. एरवी रेम्ब्रांटची रेघ धावते. १६३९ साली ॲमस्टरडॅमच्या एका लिलावात रफाएलने रंगवलेलं कास्टिल्योनेचं व्यक्तिचित्र विकायला आलं होतं. रेम्ब्रांटने उभ्या-उभ्या त्याचं टिपण केलं, बाजूला विक्रीची किंमतही लिहिली. ३,५०० गिल्डर. त्या टिपणात टोपीचा कोनसुद्धा रफाएलचा राहिलेला नाही. रेम्ब्रांट रफाएलच्या चित्राकडेही आपल्याच मनातलं चित्र असल्यासारखा बघत होता.

मुघल चित्रांसमोर तो असा वागत नाही. लेखणीचं टोक बारीक आहे. नाकाची रेघ एकदाच, न खोडता ओढली आहे. पगडीचे पेच, कानातला मोती, मोजडीचं वळलेलं टोक, सगळं जागच्या जागी. पन्नाशीतला, युरोपभर नाव झालेला चित्रकार आग्र्याच्या किंवा लाहोरच्या कुणा अनामिक मुसव्विराच्या हाताखाली बसून रेघ गिरवतो आहे, असंच वाटतं.

पण तो पूर्णपणे विरघळूनही जात नाही. मूळ चित्रातले रंग आणि सोनं तो सोडून देतो, उरते ती तपकिरी शाई. तिच्यावर पाण्यात कालवलेल्या शाईचा हलका हात फिरतो आणि सपाट जामा अंगाभोवती गोल होतो. काही ठिकाणी पायाशी थोडी सावली येते. मुघल चित्रातला बादशहा जमिनीला टेकल्यासारखा वाटतच नाही, रेम्ब्रांटच्या कागदावर त्याला वजन येतं. मान किंचित वाकते, हात सैल होतो. मुघल चित्रकाराने राज्यकर्ता काढला होता. रेम्ब्रांट त्याला वय देतो.

काही अभ्यासकांचं म्हणणं असं की रेम्ब्रांटला यात फक्त पोशाखांत रस होता, बायबलमधल्या प्रसंगांसाठी पौर्वात्य कपडे हवे होते. इतर काहींना वाटतं की महागड्या कागदावरची ही सफाईदार रेखाटनं शौकिनांना विकण्यासाठी होती. दुसरं कारण मला शक्य वाटतं, कर्जबाजारी माणसाला ते शोभतंही. पहिलं मात्र पटत नाही. पोशाखच टिपायचे असते तर त्याला घटकाभर पुरली असती, कास्टिल्योनेसारखी. आणि पोशाखाच्या पलीकडचं काहीतरी त्याच्या हाती लागलं होतं, याचा पुरावा १६५६च्याच एका ताम्रपटावर आहे.

ब्रिटिश म्युझियममध्येच या संचातलं एक रेखाटन आहे, झाडाखाली बसलेले चार मुल्ला. चार दाढीवाले वयस्क पुरुष जमिनीवर मांडी घालून बसले आहेत आणि त्यांचं निवांत बोलणं चाललं आहे. कुणी उंचावर नाही, कुणी खाली नाही. याचं मूळ मुघल चित्र आज व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात आहे. १७६० नंतरच्या दशकात सम्राज्ञी मारिया थेरेसाने अशी लघुचित्रं कापून, जोडून, एका दालनाच्या लाकडी भिंतींत बसवली. चित्रांची त्यात मोडतोड झाली, पण ती टिकली.

१६५६ साली रेम्ब्रांटने ‘अब्राहम देवदूतांचा पाहुणचार करतो’ हे एचिंग केलं. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेघा ओढतात, मग पत्रा आम्लात घालतात. रेघेच्या जागी तांबं झिजतं, तिथे शाई भरते आणि दाबाने ती कागदावर उतरते. चित्र तळहातापेक्षा फार मोठं नाही. बायबलमधली कथा अशी : तीन अनोळखी वाटसरू अब्राहमच्या दारी येतात. तो त्यांना खाऊपिऊ घालतो, आणि त्यांच्या रूपाने परमेश्वरच आलेला असतो. म्हातारपणी तुम्हाला मुलगा होईल, असं पाहुणे सांगतात आणि आडून ऐकणारी त्याची बायको सारा हसते.

हाच विषय रेम्ब्रांटने दहा वर्षांपूर्वी, १६४६ साली, एका छोट्या फळीवर रंगवला होता. तिथे मधल्या देवदूताच्या अंगातून उजेड फुटतो आणि भोवतालचा अंधार उजळतो. देव ओळखायचा तो उजेडावरून, ही अस्सल बरोक रीत. १६५६च्या एचिंगमध्ये तो उजेड नाही. देव म्हणजे लांब पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा. घराच्या पायरीशी अंथरलेल्या गालिचावर तो दोन पंखवाल्या सोबत्यांबरोबर बसला आहे, हातात प्याला आहे. अब्राहम हातात सुरई घेऊन लवून अदबीने बाजूला आहे. सारा दाराच्या सावलीत. मागे अब्राहमला हागार या दासीपासून झालेला मुलगा इश्माएल आपल्याकडे पाठ करून धनुष्य ताणतो आहे, पाहुण्यांकडे त्याचं लक्षही नाही.

झाडाखालच्या मुल्लांची बैठक इथे जशीच्या तशी आली आहे. देवाचं देवपण रेम्ब्रांटने त्याच्या बसण्यात आणलं, त्या स्वस्थ, घरगुती, तरीही आब राखणाऱ्या बसण्यात. परमेश्वर कुणाच्या तरी अंगणात जमिनीवर बसून प्याला हातात घेतो, हे त्याला मुघल दरबारच्या एका कलावंताने दाखवलं. ॲमस्टरडॅममधल्या लोकांना खुर्च्यांची सवय. आपल्याला मात्र हे चित्र पाहताना ओसरीवर बसलेल्या आजोबांची आठवण यावी, इतकं ते जवळचं आहे. हा तांब्याचा पत्राही सुदैवाने वाचला. पीटर गायसेल्स या फ्लेमिश चित्रकाराने त्याच्या मागच्या बाजूवर एक निसर्गदृश्य रंगवलं. आता तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

या देवघेवीची दुसरी बाजू आधी घडून गेली होती आणि तिची वाट गोव्यावरून जाते. १५७९च्या अखेरीस गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८०च्या सुरुवातीला फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले. त्यांच्याबरोबर अँटवर्पच्या प्लान्टिन छापखान्यात छापलेलं बहुभाषी बायबल होतं, ताम्रपटांवरून छापलेल्या चित्रांसह. मुघल चित्रशाळेने युरोपीय चित्रं अधाशासारखी अभ्यासली. अबुल हसन या मुलाने वयाच्या तेराव्या वर्षी, १६०० साली, जर्मन चित्रकार ड्यूररच्या चित्रातल्या संत जॉनची हुबेहूब नक्कल केली. ती आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. हाच मुलगा पुढे जहांगीराचा लाडका चित्रकार झाला. जहांगीर आणि शहाजहान यांच्या डोक्यामागची तेजोवलयं, मुघल चित्रकार बिचित्रच्या चित्रात बादशहाभोवती दिसणारी पंखवाली गुबगुबीत बाळं, ही सगळी युरोपकडून आलेली. म्हणजे ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटच्या हाती आलेल्या मुघल चित्रांच्या घडणीत अँटवर्पच्या छापखान्याचाही थोडा अंश होता. कुणी कुणाचं घेतलं, याचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा दोन्हीकडच्या चित्रकारांची भूक पाहण्यात मला जास्त आनंद वाटतो. अबुल हसन तेराव्या वर्षी शिकत होता, रेम्ब्रांट पन्नासाव्या.

रेखाटनं चालू असतानाच त्यांतली माणसं कोसळत होती. १६५८ साली औरंगजेबाने शहाजहानला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केलं. पुढच्या वर्षी दारा मारला गेला. त्याच १६५८ साली रेम्ब्रांटचं घर लिलावात गेलं आणि तो मुलगा टायटस व जोडीदार हेन्ड्रिक्ये यांच्यासह रोझेनग्राख्ट या कालव्याकाठच्या वस्तीत भाड्याच्या घरी राहायला गेला. तिथे त्याने पुढे जी व्यक्तिचित्रं रंगवली त्यांत अवखळ हालचाल फारशी नाही. त्याचं सगळं श्रेय मुघल चित्रांना द्यावं, असं मी म्हणणार नाही, वय आणि दुःखही तिथे आहेच. पण कमी हालचालीतून माणूस किती दिसू शकतो, हे या २३ कागदांवर त्याने घासूनपुसून पाहिलं होतं, एवढं नक्की.

१७४७ साली लंडनमध्ये रिचर्डसन या चित्रकार-संग्राहक घराण्याचा संग्रह विकला गेला. त्यात रेम्ब्रांटच्या हिंदुस्थानी रेखाटनांचं २५ चित्रांचं एक पुस्तक नोंदलेलं होतं. तिथून ही पानं विखुरली. २०१८ साली गेटी संग्रहालयाने त्यांतली बरीचशी एकत्र आणून मुघल चित्रांशेजारी मांडली. आज या सर्व संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती मोठी करून पाहता येतात. माझी एक विनंती आहे. ती पाहण्याआधी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन तिथली मुघल आणि दख्खनी लघुचित्रं नीट पाहा, शक्य असेल तर भिंग घेऊन. कानशिलावरच्या केसांपाशी आणि जाम्याच्या कडेपाशी थांबा. मग रेम्ब्रांटची रेघ पाहा. कुठे तो मागे राहिला, कुठे पुढे गेला, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

पुढच्या आठवड्यात माद्रिदला जाऊ. तिथे दिएगो वेलास्केस स्पेनच्या राजवाड्यात एक भलामोठा कॅनव्हास रंगवतो आहे आणि त्यात त्याने स्वतःलाही उभं केलं आहे. सालही हेच, १६५६.