नदीला साबण कोणी लावला?

पावसाळा सरल्यावर एका सकाळी नातीला घेऊन मांजरीला मुळा-मुठेच्या काठावर गेलो होतो. पाणी दगडांवर आपटत होते आणि पुढे पिंजलेल्या कापसासारखा पांढरा फेस तरंगत चालला होता. नातीने विचारले, "आजोबा, नदीला साबण कोणी लावला?"

प्रश्न लहान, पण उत्तर अवघड. कारण साबण आपणच लावला आहे! पुण्याच्या मोऱ्यांतले पाणी मांजरीच्या वरच्या अंगाला नदीला मिळते, आणि ते सगळेच काही शुद्ध होऊन येत नाही.

साबणाचा रेणू टाचणीसारखा असतो. डोक्याला पाणी आवडते, शेपटीला पाण्याचे वावडे. बुडबुडा म्हणजे पाण्याचा पातळ पापुद्रा, दोन्ही अंगांनी या टाचण्या टोचलेला. टाचण्या जितक्या दाटीने उभ्या, तितका पापुद्रा सामान्यतः टिकाऊ. सरळ शेपट्या खेटून उभ्या राहतात. फांद्या फुटलेल्यांना ते साधत नाही. रिठ्याचे रेणू अंगाने थोराड. ते एकमेकांत गुंतून साय धरावी तसे धरतात, म्हणून रिठ्याचा फेस लवकर बसत नाही. उलट अभ्यंगाच्या तेलकट केसांवर पहिल्या हाताला फेसच येत नाही, कारण बरेचसे रेणू तेलालाच जाऊन चिकटतात.

हीच शेपटी एकदा जगाला नडली. १९५० नंतर धुण्याच्या पावडरींत फांद्यांच्या शेपटीचे रेणू सर्रास वापरले गेले. जंतूंना ती फांदी पचेना, आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला. अमेरिकेतल्या कारखानदारांनी १९६५ च्या सुमारास सरळ शेपटी स्वीकारली. ती जंतू आवडीने खातात.

मग मांजरीला फेस का? कारण जंतूंनाही जेवायला वेळ लागतो, प्राणवायू लागतो. शुद्धीकरण केंद्रात दोन्ही मिळतात; सांडपाण्याने गुदमरलेल्या नदीत मिळत नाहीत. शिवाय सांडपाण्यातली प्रथिने फेस अधिकच घट्ट करतात.

गृहिणींनी आणि गृहस्थांनीही एक ध्यानात ठेवावे: पुष्कळ फेस म्हणजे पुष्कळ स्वच्छता नव्हे. धुलाईयंत्रासाठी तर मुद्दाम कमी फेसाची पावडर करतात, आणि कपडे तरीही स्वच्छ निघतात. तेव्हा चमचाभर पावडर कमी घालावी, आणि आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते याची महापालिकेकडे चौकशी करावी.

नातीला मी म्हटले, "साबण आपणच लावला, बाळ. आता नदीला आंघोळ घालायचे काम तेवढे राहिले आहे."