मूल होत नाही? खर्चाआधी दोघांच्या घराण्याची चौकशी करा

शेतकरी बंधूंनो, वळूचे रेत गोठवून गावोगाव पाठवण्याआधी त्या वळूचे रक्त तपासतात. गुणसूत्रांत खोट नाही ना, वासरात उतरणारा रोग नाही ना, हे पाहूनच त्याला केंद्रावर ठेवतात. आणि माणसाच्या बाबतीत? लग्नाला चार-पाच वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की सून वांझ ठरली. आधी गंडेदोरे, मग जमीन गहाण टाकून शहरातला टेस्ट ट्यूब बेबीचा दवाखाना. या धावपळीत ‘तुमच्या दोघांच्या घराण्यात काय काय होऊन गेले?’ हे विचारायचे राहूनच जाते.

तो प्रश्न नीट विचारणे म्हणजे आनुवंशिक समुपदेशन. नाव जड आहे, काम समजण्यासारखे आहे. दोन्हीकडच्या तीन पिढ्या कागदावर मांडायच्या. कुणाची मुले दगावली, कुणाचे गर्भ वारंवार पडले, कुणी मामाची मुलगी केली. त्यावरून कोणती तपासणी लागेल, निकालाचा अर्थ काय, पुढे वाटा कोणत्या, हे समुपदेशक सांगतो. निर्णय जोडप्याचा.

आता दोष कुठे असू शकतो ते पाहा. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. काही पुरुषांत एक जादा, म्हणजे ४७ असतात. गडी धडधाकट, औताला मागे हटणार नाही, पण वीर्यात शुक्रजंतू नसतात. असे साधारण सहाशे पुरुषांत एक सापडते. काहींच्या ‘वाय’ गुणसूत्राचा बारीक तुकडाच नसतो. अशांना इक्सी पद्धतीने मूल होऊ शकते, पण मुलगा झाला तर तीच उणीव त्याच्याकडे जाते. हे पैसे भरण्याआधी कळायला नको का? वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत दोन ते पाच ठिकाणी नवरा किंवा बायकोच्या गुणसूत्राचा तुकडा जागा बदलून बसलेला असतो. अंगाला काही त्रास नाही, गर्भ मात्र टिकत नाही. अशा घरात सुनेला बोल लावून काय मिळणार?

विदर्भात आणि नंदुरबारकडे आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. वाहक माणूस निरोगीच असतो. पण दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब कुणी करू नये. आणि टेस्ट ट्यूबने गर्भ राहिला म्हणून सिकलसेल टळत नाही. त्यासाठी गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूण तपासावा लागतो, किंवा अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा कण काढून बघावा लागतो. भ्रूणतपासणी फार महागडी आहे. वाहक आहोत का, ही पहिली तपासणी मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सोल्युबिलिटी चाचणीने सुरू होते. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस करून पक्के करतात. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था रक्ताच्या अशाच आजारांवर काम करते. (१९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती याच केईएममध्ये.)

सन २०२१ च्या कायद्याने उपचाराचे परिणाम आणि यशाची शक्यता जोडप्याला समजावून सांगणे दवाखान्यावर बंधनकारक केले आहे. तेव्हा सही करण्याआधी विचारा, संकोच करू नका. भ्रूणाची तपासणी ठाऊक असलेल्या आनुवंशिक रोगासाठीच करता येते. मुलगा की मुलगी, असे विचारणारा आणि सांगणारा दोघेही गुन्हेगार.

ग्रामसेवक आणि आशाताईंना एक विनंती. वाहकांची यादी चावडीवर किंवा ग्रामसभेत वाचू नका. त्यापायी पोरीचे जमलेले लग्न मोडते, आणि मग दुसरे कुणी रक्त द्यायला पुढे येत नाही.

जाताना नवरा-बायको दोघांनी जावे. पडलेल्या गर्भाचे, दगावलेल्या मुलाचे जुने कागद फेकू नका, बरोबर न्या. आत्या-मावश्यांकडची हकीकत घरच्या म्हाताऱ्यांना विचारून आधीच वहीत लिहून ठेवा, आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मगच जिल्ह्याची एस.टी. धरा.