विचारांच्या वेशीवर (लेखांक 7) : संमतिवयाचं भांडण

आज संविधान सभेकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण साताऱ्याहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. त्या विचारतात, घरचं वळण आणि शिक्षण वेगळं असलं की माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत म्हणता, मग टिळक-आगरकरांचं काय?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. डेक्कन कॉलेजातली मैत्री, सरकारी नोकरी न करण्याचा निश्चय, 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र काढलेले 101 दिवस, दोघांनीही वाचलेले मिल आणि स्पेन्सर. तरीही 1891 मध्ये संमतिवयाच्या विधेयकावर हे दोघं समोरासमोर उभे राहिले.

आदल्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगामुळे मेली. तिनं वयाची 10 वर्षं ओलांडली होती, म्हणून बलात्काराचं कलम लागलं नाही. नवऱ्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली, तीही दुसऱ्याच, हलक्या कलमाखाली. विधेयक ती मर्यादा 10 वरून 12 वर नेणार होतं.

आता टिळकांना बालविवाह हवे होते का? 1890 मध्ये त्यांनीच सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता की मुलींची लग्नं 16 च्या आत आणि मुलग्यांची 20 च्या आत करू नयेत, आणि हे ज्यांना पटतं त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं. म्हणजे बालविवाहाचे तोटे टिळकांना कितीही सांगितले तरी त्यांच्या विरोधाला धक्का लागणार नव्हता. त्यांचा सवाल होता, आमच्या घरातले नियम परक्या सरकारनं का करावेत? आगरकरांचा सवाल त्या मुलीचा होता. समाज सुधारेपर्यंत तिनं थांबायचं, तर ते कुणाच्या जिवावर? दोन्ही सवाल खरे आहेत. पण एकाचं उत्तर दिल्यानं दुसरा सुटत नाही. माझं मत विचाराल तर मी आगरकरांच्या बाजूचा. 10 वर्षांची अट याच सरकारच्या दंडसंहितेत 1860 पासून होती, त्यामुळे हस्तक्षेप नव्यानं सुरू होत नव्हता.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते मात्र तिसरंच भांडण. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनं काढून दाखवलं की गर्भाधान लांबवता येतं. टिळकांनी ते खोडायला संस्कृतातलीच वचनं काढली. केवढी विद्वत्ता त्यात खर्ची पडली! पण भांडारकरांचा अर्थ निर्विवाद ठरला असता, तर टिळकांनी इंग्रजांचा कायदा मान्य केला असता का? मला नाही वाटत. आणि टिळकांचा अर्थ खरा ठरला असता, तरी आगरकर तसूभर हलले नसते. त्यांना शास्त्राची मोहोर नकोच होती. ज्या खांबावर दोघांपैकी कुणाचंच छप्पर टेकलेलं नव्हतं, तो पाडायला आणि सावरायला सगळे धावत होते. आजही टीव्हीवरच्या चर्चेत आकडे आपटले जातात, तेव्हा मी आधी एवढंच तपासतो की हा आकडा उलटा निघाला, तर बोलणारा मत बदलेल का?

परक्या सरकारचा आक्षेप किती खोल होता, याची पारख पुढे 1929 मध्ये झाली. या वेळी विधेयक आणणारे हरबिलास सारडा हे हिंदी सभासद होते, आणि मुलीचं लग्नाचं वय 14 ठरत होतं. तरी धर्माच्या नावानं विरोध झालाच. 1891 मध्ये टिळकांमागे एकच फळी दिसत होती. तीत राज्य कुणाचं हे विचारणारे होते, आणि राज्य कुणाचंही असो, रूढीला हात लावू नका म्हणणारेही होते. सुधारकांनी दोघांना एकच उत्तर दिलं, म्हणून ते पहिल्यांपर्यंत पोचलंच नाही.

पत्रात रखमाबाईंच्या खटल्याबद्दलही विचारलं आहे. त्याला स्वतंत्र लेखांक लागेल. पुढच्या आठवड्यात मात्र नक्की संविधान सभा, आणि तिथून हिंदू कोड बिल. तिथे सरकार आपलंच होतं, आणि तरीही 1951 मध्ये आंबेडकरांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला.